टॉवरचा एक सेकंद

यात्रेत टॉवर बंद पडत नाही. लोक 'बंद पडला' म्हणतात खरे. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाला गेलेला माणूस फोन हातात धरून उभा असतो, रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि घरी पाठवलेला फोटो मात्र गोल गोल फिरत राहतो. मग 'टॉवर गेला वाटतं' असा निकाल लागतो. प्रत्यक्षात वर्षातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा त्या रात्री टॉवर जास्त राबत असतो.

केसलापूर हे आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातलं गाव. उटनूरहून आदिलाबादकडे जाताना इंद्रवेल्ली लागते, तिथून थोडं आत. मेस्राम कुळातल्या गोंडांचं हे दैवत. यात्रेआधी मेस्राम मंडळी अनवाणी चालत जन्नारमच्या बाजूला गोदावरीवर हस्तिनमडुगूपर्यंत जातात, झारीतून पाणी आणतात आणि वडाखाली मुक्काम करतात. अमावास्येच्या रात्री महापूजा होते, कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. यात्रेतला दरबार क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात सुरू करून दिला. अधिकाऱ्यांनी आदिवासींचं गाऱ्हाणं जागेवर ऐकावं हा त्यामागचा हेतू. माणसं तेलंगणातून येतात, तशीच किनवट-माहूरकडून, पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडून, राजुरा-जिवतीकडूनही येतात. आंध आणि परधान या आदिवासी समाजांच्या घरांत मराठीच चालते, त्यामुळे यात्रेत गोंडी आणि तेलुगूबरोबर मराठीही सारखी कानावर पडते. एरवी काही हजार माणसांपुरत्या उभ्या केलेल्या टॉवरांवर मग लाखोंच्या गर्दीचा भार येतो.

दांड्या भरलेल्या आणि नेट नाही, हे कोडं आधी सोडवू. दांड्या सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. त्या टॉवरकडे तुम्हाला द्यायला वेळ किती शिल्लक आहे, हे त्या सांगत नाहीत. मोबाइल नेटवर्कमध्ये वाटणी होते ती मुळात वेळेची. ४जी टॉवर आपल्या एका सेकंदाचे हजार तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात त्याच्याकडे लहरींच्या अरुंद पट्ट्या असतात. कंपनीकडे १० मेगाहर्ट्झ असतील तर एका वेळी ५० पट्ट्या. कुठल्या मिलिसेकंदाला कुठली पट्टी कुणाला, हे टॉवरमधली एक छोटी प्रणाली ठरवते. तिला शेड्युलर म्हणतात. सेकंदाला हजार वेळा ती निवाडा करते, आणि त्यावर अपील नसतं.

निवाड्यासाठी उभं राहायचं तर आधी टॉवरला कळलं पाहिजे की हा फोन काही मागतोय. गर्दीत पहिली कोंडी होते ती इथेच. टॉवरचं लक्ष वेधायला फोन एक ठरावीक सूर लावतो. असे सूर ६४ असतात आणि फोन त्यातला कुठला तरी एक चिठ्ठी टाकावी तसा निवडतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच सूर निवडला की दोघांचंही फुकट; थोडं थांबून पुन्हा लावायचा. (काही सूर राखीव असतात, तो हिशेब इथे सोडून देतो.) एकाच संधीला ६४ फोनांनी सूर लावला, तर सरासरी २४ जणांचा सूर एकट्याचा ठरतो आणि त्यांना प्रवेश मिळतो. आता फोन ३०० करा. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी तीनच्याही खाली येते. मागणारे पाचपट वाढले की आत जाणारे वाढायला हवेत असं आपल्याला वाटतं. इथे ते आठ-नऊपटीनं घटतात. हे गणित जुनं आहे. हवाई बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडायला नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१मध्ये 'अलोहा' नावाचं जाळं उभारलं, तेव्हाच ही मर्यादा दिसली होती: सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा बोलायचं ठरवलं, तर वेळेतला जेमतेम १८ टक्के भाग कामी येतो, आणि ठरलेल्या ठोक्यावर बोलायची शिस्त लावली तर ३७.

त्यामुळे पहिला फोटो गेला नाही म्हणून दहादा 'पुन्हा पाठवा' दाबणारा माणूस स्वतःचं काम सोपं करत नाही, आणि शेजाऱ्याचंही बिघडवतो. अर्थात हे यात्रेत कुणाला सांगायला जाऊ नये.

गर्दी हाताबाहेर गेली तर टॉवरला काही जणांना दारातच थांबवण्याची मुभा आहे, आणि त्याची तजवीज तुमच्या सिममध्ये आधीच करून ठेवलेली असते. प्रत्येक सिमवर ० ते ९ पैकी एक वर्गक्रमांक असतो. तो पैसे, जात, गाव, रिचार्ज काहीही न पाहता वाटलेला असतो. टॉवर ठरवू शकतो की आता काही क्षण ३, ४ आणि ७ वाल्यांनी मागणीच करू नये. मग पुढच्या क्षणी इतरांची पाळी. ११ ते १५ हे वर्ग वेगळे: पोलीस-सुरक्षा, वीज-पाण्यासारख्या सेवा, आपत्कालीन सेवा, कंपनीची स्वतःची माणसं. ४जीमध्ये त्या जोडीला फोनलाच मनातल्या मनात एक चिठ्ठी काढायला लावायची सोय आली. आकडा मर्यादेखाली आला तर विचार, नाही तर थांब. आपल्याकडच्या कुठल्याही रांगेपेक्षा हा निःपक्षपातीपणा जास्त आहे असं मला वाटतं, आणि तो कुणाच्या गावीही नसतो.

दारातून आत गेल्यावर खरा प्रश्न येतो. समजा टॉवरखाली दोनच फोन आहेत. एक उटनूरच्या बसस्टँडजवळ, टॉवर डोळ्यांसमोर. टॉवरचा सगळा वेळ त्याला दिला तर ३० एमबीपीएस मिळतील. दुसरा टेकडीमागच्या गुड्यात, म्हणजे छोट्या आदिवासी वस्तीत. सगळा वेळ दिला तरी १ एमबीपीएस. हा फरक काल्पनिक वाटेल, पण तो तसा नाही. ४जीमध्ये फोन टॉवरला आपली स्थिती १ ते १५ या आकड्यांत कळवत असतो. १५ला प्रत्येक संकेतात सुमारे साडेपाच बिट भरता येतात, १ला जेमतेम ०.१५. तीच पट्टी, तोच मिलिसेकंद, आणि माल ३६ पट कमी. कमजोर सिग्नलवर टॉवरला तीच गोष्ट पुनःपुन्हा, सावकाश, भरपूर राखीव जागा सोडून सांगावी लागते.

आता वाटणी करा.

जास्तीत जास्त डेटा वाहावा एवढंच ध्येय असेल, तर बसस्टँडवाल्याला सगळं द्या. एकूण ३०, आणि गुड्यातल्याला शून्य. हे कुणालाच मान्य होणार नाही. मग दोघांना अगदी सारखा डेटा देऊ. गुड्यातला फोन सावकाश घेतो, म्हणून टॉवरचा जवळजवळ ९७ टक्के वेळ त्याच्याकडे जातो आणि दोघांनाही मिळतात ०.९७ एमबीपीएस. एकूण दोनाच्याही खाली. कागदावर समता पूर्ण झाली, आणि गावाचं नेट गेलं. तिसरी रीत म्हणजे दोघांना सारखा वेळ. जवळच्याला १५, लांबच्याला अर्धा, एकूण साडेपंधरा.

तिसऱ्या रीतीला केंब्रिजच्या फ्रँक केली यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पक्कं गणिती रूप दिलं. नाव पडलं प्रमाणबद्ध न्याय. त्याची कसोटी साधी आहे. ही वाटणी सोडून दुसरी कुठलीही करून बघा: कुणाचे किती टक्के वाढले आणि कुणाचे किती टक्के घटले यांची बेरीज करा. ती शून्याच्या वर कधीच जात नाही. आपल्या उदाहरणात सारख्या वेळेकडून सारख्या डेटाकडे गेलो, तर लांबच्याचे साधारण ९४ टक्के वाढतात आणि जवळच्याचे ९४ टक्के जातात. टक्क्यांत हिशेब चुकता. पण वाहणारा एकूण डेटा साडेपंधरावरून दोनाखाली. हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनंही तपासता येते: दोघांच्या वेगांचा गुणाकार करा. सारख्या वेळेला तो साडेसात येतो, सारख्या डेटाला एकाच्याही खाली, आणि सगळं एकाला दिलं तर शून्य. गुणाकार असा असतो की त्यात कुणालाही शून्यावर सोडता येत नाही. वाटाघाटीचा तोडगा काढताना दोन्ही बाजूंच्या लाभांचा गुणाकार जास्तीत जास्त ठेवायचा, ही कल्पना जॉन नॅश यांनी १९५०मध्येच मांडली होती. ती फिरत फिरत टॉवरवर येऊन बसली.

सारखा डेटा देण्याच्या हट्टाची किंमत वायफायनं दीर्घकाळ मोजली. वायफायमध्ये टॉवरसारखा निवाडा करणारा कुणी नसतो. जो तो हवा मोकळी आहे का ऐकतो, नशिबानं ठरलेला क्षणभर थांबतो आणि एक पाकीट पाठवतो. प्रत्येकाला सरासरी सारख्या पाळ्या. ऐकायला न्याय्य, पण पाळी कुणाची किती लांब हे कुणी पाहत नाही. पंधराशे बाइटचं एक पाकीट ५४ एमबीपीएसनं पाव मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात जातं; १ एमबीपीएसनं त्याला १२ मिलिसेकंद लागतात. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर एखाद्या म्हाताऱ्याचा अंगठा उमटत नाही आणि मागची अख्खी रांग त्याच्या गतीनं सरकते, तसं होतं. ग्रनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये हे मोजून दाखवलं: ११ एमबीपीएसच्या यंत्रांमध्ये एकच १ एमबीपीएसचं यंत्र आलं की सगळ्यांचाच वेग एकाच्या खाली घसरतो. वसतिगृहात, शाळेच्या संगणक खोलीत, ऑफिसात कोपऱ्यातल्या खोलीतला कुणी दोन भिंतींपलीकडून वायफाय ओढत असतो आणि राउटरशेजारी बसलेल्याचं नेट रडतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

बऱ्याच राउटरांवर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीत यावरचा इलाज यायला चौदा वर्षं लागली. स्वीडनमधल्या कार्लस्टाड विद्यापीठातले टोके हॉयलंड-यॉर्गन्सन आणि त्यांच्यासोबत डेव्ह टाट व इतर सहकारी यांनी २०१७मध्ये तिच्यात पाळ्यांऐवजी हवेतला वेळ मोजण्याची सोय केली. ज्याचा वेळ वापरून झाला तो मागे. त्याच कामात दुसरी एक गोष्ट साधली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. राउटरमध्ये पाकिटांचा ढीग साठतो. कुणी सिनेमा उतरवत असेल तर त्याच्या शेकडो पाकिटांमागे तुमचं एक पाकीट ताटकळत राहतं. त्यांनी प्रत्येक प्रवाहाची वेगळी छोटी रांग केली आणि फार वेळ साचलेली पाकिटं टाकून द्यायला सुरुवात केली. परिणाम असा की सिनेमाला फारसा फरक पडत नाही, पण छोटा निरोप चटकन निघतो.

हा फरक यात्रेत कुठे दिसतो? पाळण्याच्या किंवा बांगड्यांच्या दुकानापुढे. क्यूआर कोड स्कॅन झाला, गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे गेल्याची खूण आली, आणि दुकानदार साउंडबॉक्सकडे बघत थांबलाय. त्या डबीत स्वतःचं सिम असतं. तिला हवा असलेला निरोप काही शे बाइटचा, एका रीलच्या एका क्षणापेक्षाही लहान. पण ती त्याच टॉवरखाली, त्याच गर्दीत उभी असते. अशा वेळी सरासरी वेग किती हे विचारणं व्यर्थ आहे. निरोप दोन सेकंदांत आला की चाळीस, हेच बघायचं. वेग म्हणजे एमबीपीएस अशी आपली समजूत जाहिरातींनी करून दिली आहे.

टॉवरवरच्या शेड्युलरकडे परत येऊ, कारण त्याची हुशारी अजून सांगायची राहिली. टाटा फोटॉन प्लस किंवा रिलायन्स नेटकनेक्टचं डोंगल आठवत असेल, तर ही हुशारी तुम्ही वापरलेली आहे. त्यामागचं तंत्र क्वालकॉमचं. तिथे २०००च्या सुमारास डेव्हिड त्से, रॉबर्टो पडोवानी, राजेश पंकज वगैरे मंडळींनी जो नियम बसवला तो थोडाफार बदलून आजही चालतो. नियम असा: प्रत्येक क्षणी प्रत्येक फोनसाठी एक भागाकार करा. वर, आत्ता या क्षणी त्याला किती वेग देता येईल. खाली, गेल्या सेकंद-दोन सेकंदांत त्याला सरासरी किती मिळालं. ज्याचा भागाकार मोठा, पाळी त्याची.

आकडे घालून बघू. बसस्टँडवाल्याला गेल्या सेकंदात सरासरी १२ मिळालेत. आत्ता समोर एक लॉरी येऊन थांबल्यामुळे ९च देता येतील. भागाकार ०.७५. गुड्यातल्याला सरासरी ०.४ मिळालेत; तो घरातून बाहेर अंगणात आलाय आणि आत्ता ०.८ देता येतील. भागाकार २. पाळी गुड्यातल्याची, जरी त्याला मिळणारा माल दुसऱ्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसला तरी. हा नियम प्रत्येकाला दुसऱ्याशी तोलत नाही, त्याच्याच नेहमीच्या स्थितीशी तोलतो. रेडिओ सिग्नल सतत चढउतार करत असतो: पान हललं, माणूस वळला, गाडी गेली की बदलतो. प्रत्येकाला त्याच्या चढाच्या क्षणी गाठलं तर दोघांनाही अर्ध्या वेळेच्या हिशेबापेक्षा जास्त मिळतं. गर्दी जितकी मोठी, तितका कुणाचा ना कुणाचा चढाचा क्षण चालू असण्याची शक्यता मोठी. गर्दीचा फायदा होतो अशी ही नेटवर्कमधली दुर्मीळ जागा.

इतकं नामी उत्तर सापडल्यावर प्रश्न मिटला असं वाटू शकतं. पण उत्तरात गृहीत काय धरलंय ते पाहायला हवं. राज जैन यांनी १९८४मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना सहकाऱ्यांसह समतेचा एक निर्देशांक दिला, आजही शोधनिबंधांमध्ये तोच वापरतात; १ म्हणजे पूर्ण समान. आपल्या सारख्या वेळेच्या वाटणीला तो लावा. वेळ मोजला तर निर्देशांक १. डेटा मोजला, म्हणजे १५ आणि अर्धा, तर ०.५३. वाटणी एकच, गुण दोन. काय मोजायचं हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. २०००मध्ये जोंगहून मो आणि झाँ वालरँड यांनी तर सगळ्या वाटण्या एकाच सूत्रात बसवल्या, त्यात एकच फिरवायची कळ: शून्यावर ठेवली की फक्त एकूण डेटा, १वर प्रमाणबद्ध न्याय, आणि वाढवत नेली की सर्वांत मागे पडलेल्याला आधी. गणित कुठल्याही आकड्याला योग्य म्हणत नाही. कळ कंपनीच्या हातात असते.

ती कळ दुसऱ्या बाजूलाही फिरवता येते. नियमातल्या भागाकाराला एक वजन लावलं की झालं: महाग योजनावाल्याचं वजन जास्त. एअरटेलची 'प्लॅटिनम' आणि व्होडाफोन आयडियाची 'रेडएक्स' या योजनांत जास्त पैसे भरणाऱ्यांना जास्त वेग देऊ केला होता. जुलै २०२०मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं दोन्ही थांबवायला सांगितलं. इतर ग्राहकांच्या सेवेवर त्याचा काय परिणाम होणार, हा त्यामागचा प्रश्न होता. व्होडाफोन आयडिया टीडीसॅट या दूरसंचार लवादाकडे गेली आणि तिला अंतरिम दिलासाही मिळाला. पण ट्रायचा प्रश्न अगदी बरोबर होता. टॉवरचा सेकंद एकच आहे. कुणाला वजन दिलं की ते दुसऱ्या कुणाच्या मिलिसेकंदांतून येतं. उटनूरसारख्या ठिकाणी जिथे स्वस्तातलं रिचार्जच चालतं, तिथे ते कुणाच्या वाट्यातून गेलं असतं हे सांगायला नको.

आणि कळ कुठेही ठेवली, तरी गुड्यातल्या माणसाला आपण दिलं ते अर्धा एमबीपीएस. तेही दोनच फोन धरून. शेड्युलर वेळ वाटू शकतो, टेकडी हलवू शकत नाही. गुड्यातल्या माणसाची खरी अडचण वर पाठवण्यात आहे. टॉवर वीस-चाळीस वॉटनं बोलतो, फोन फार तर ०.२ वॉटनं. म्हणून गुड्यात निरोप येतो, पण फोटो जात नाही. इथल्या आयटीडीएची, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेची, हद्द डोंगराळ, बरीचशी सागाच्या जंगलाची, काही भाग कव्वाल व्याघ्र प्रकल्पातला. पावसात भिजलेली पानं लहरी पितात, आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकं ते पिणं जास्त. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर टेकडीला थोडा वळसा घालू शकते. २३००ची तिथेच अडते. पण जास्त डेटा वाहून नेण्याइतक्या रुंद पट्ट्या मिळतात त्या वरच्या वारंवारतांमध्येच. शहरासाठी घेतलेला निर्णय जंगलात तसाच लागू होतो, कारण परवाने परिमंडळानुसार दिलेले असतात. राज्य वेगळं होऊन दशक उलटलं तरी दूरसंचाराच्या नकाशात तेलंगण अजून आंध्र प्रदेश परिमंडळातच आहे. एकाच लिलावात हैदराबादची हायटेक सिटी आणि उटनूरचा गुडा.

वर पाठवण्याची ती अडचण रोजच्या मजुरीतही आड येते. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३पासून हजेरी एनएमएमएस अ‍ॅपवरून सक्तीची झाली: मजुरांचे फोटो, वेळ आणि जागेच्या शिक्क्यासह, दिवसातून दोनदा. म्हणजे सगळ्या कामांवरचे मेट, म्हणजे मुकादम, साधारण एकाच वेळी फोटो वर पाठवणार, तेही बहुधा टॉवरपासून लांबच्या जागेवरून, ०.२ वॉटच्या जोरावर. अ‍ॅपमध्ये रेंज नसताना फोटो काढून ठेवायची आणि रेंज आल्यावर पाठवायची सोय ठेवावी लागली, ती उगाच नाही. वेगाशिवाय भागेल अशी कामं ओळखून ती वेगाच्या रांगेतून बाहेर काढणं, हा स्वस्तातला सर्वांत चांगला उपाय. पैशांच्या बाबतीतही तेच. *९९# डायल करून होणारा व्यवहार डेटावरून जातच नाही, तो फोनच्या संकेतवहनाच्या वाटेनं जातो; साध्या फोनसाठीचं यूपीआय १२३पे मार्च २०२२मध्ये आलं.

बाकी उपाय टॉवर जवळ आणण्याचेच. मेडारमच्या सम्मक्का-सारलम्मा जातरेला, प्रयागच्या कुंभाला कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. गर्दीतला प्रत्येक जादा टॉवर म्हणजे नवा एक सेकंद. जुलै २०२२मध्ये केंद्रानं बीएसएनएलमार्फत ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. आणि आपल्याकडचा एक प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं हिशेब मांडला की दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून जास्त जागा रिकामी पडून आहे. कमी वारंवारता, म्हणजे झाडी आणि उंचवटे ओलांडायला सोयीची. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या पाड्यांवर त्यांनी याच लहरींनी नेट पोचवून दाखवलं. या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाचं पारितोषिकही मिळालं. पट्टा अजून खुला झालेला नाही. एका बाजूला मिलिसेकंदांसाठी गणिती झटापट आणि दुसऱ्या बाजूला अख्खा पट्टा ओस, हे चित्र बघून शेड्युलरची कीव येते.

मोजमापाचं काय? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ४जीचे निकष ठरवताना २००८मध्ये सरासरीबरोबर आणखी एक आकडा मागितला होता: सर्वांत मागे असलेल्या ५ टक्के फोनांना किती मिळतं. अभियंत्यांच्या कागदांत तो असतो, जाहिरातीत आणि जिल्ह्याच्या बैठकीत नसतो. २०२४च्या नियमांनंतर कंपन्यांना आपले व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. नकाशावर गुडा रंगलेला दिसला तर तिथे सिग्नल आहे एवढंच कळतं, दांड्यांसारखं. ट्रायच्या ड्राइव्ह टेस्ट मुख्यतः मोटारीतून होतात, शहरांतून आणि महामार्गांवरून. उटनूरच्या डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या गुड्यांमध्ये मागे पडलेल्यांचा तो आकडा घ्यायचा असेल तर ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप आहे. कुणीही, कुठेही उभं राहून वेग मोजून पाठवू शकतं. फक्त मोजताना घराच्या आत उभं राहून मोजावं, टेकाडावर चढून नव्हे.